पान एकशे त्रेचाळीसच्या पुढे

दिवलीबाई वसावेंनी परत केलेलं पुस्तक उघडलं की आधी शिंक येते. मग डोळे चुरचुरतात, नाक वाहतं आणि मग कुठे पहिलं वाक्य दिसतं. नंदुरबारच्या आमच्या वाचनालयात मी चौदा वर्षं पुस्तकं देते-घेते आहे, त्यामुळे कोणत्या पुस्तकाला कशाचा वास येतो ते मला पाठ आहे. पाककृतीच्या पुस्तकांना फोडणीचा, पोथ्यांना उदबत्तीचा. अनुदानातून गठ्ठ्याने आलेल्या पुस्तकांना कसलाच वास नसतो, कारण ती कुणी घरी नेतच नाही.

आमच्याकडची विज्ञान कादंबऱ्यांची फळी अशीच बिनवासाची होती. एका वर्षी एकदम बेचाळीस पुस्तकं आली, मी शिक्के मारले, नंबर टाकले आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात लावून दिली. खरं सांगते, त्यातलं एकही मी स्वतः उघडलं नव्हतं. मला खुनाच्या गोष्टी आवडतात. खून झाला, खुनी सापडला, आपण जेवायला मोकळे. रॉकेट, परग्रह, हिरवी माणसं, हे आपलं काम नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सहा वर्षांपूर्वी दिवलीबाई आल्या त्या मुलीसाठी. मुलगी रिना तेव्हा बारा वर्षांची, आता लोणखेड्याला कॉलेजात आहे. तिला शाळेसाठी कसलं तरी पुस्तक हवं होतं. ते शोधायला मी आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर बाई कोपऱ्यातल्या फळीपुढे उभ्या. हात पाठीमागे बांधलेले. मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायका अशाच उभ्या राहतात, चुकून हात डोळ्याला लागू नये म्हणून.

"ही कोणी नेत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"कुणाला कळत नाहीत."

"मग मी नेते," त्या म्हणाल्या. "मला नाही कळलं तर निदान कळलं नाही हे तरी कळेल."

असं बोलणाऱ्या माणसाला फॉर्म द्यावाच लागतो. त्यांनी शाळकरी वळणदार अक्षरात तो भरला. शिक्षण सातवी, आश्रमशाळा. व्यवसाय, मिरचीचे देठ खुडणे. गाव म्हणून त्यांनी अक्कलकुवा तालुक्यातल्या नर्मदेकाठच्या एका गावाचं नाव लिहिलं. मी म्हटलं, हे गाव तर धरणात गेलं. त्या म्हणाल्या, "गेलं. पण माझं गाव तेच आहे." पुनर्वसनात त्यांच्या वडिलांना तळोद्याकडे जमीन मिळाली, तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन नंदुरबारला आल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत पथारीवर मिरची, बाकीचे महिने मिळेल ते शेतकाम.

पथारी ज्याने बघितली नाही त्याला एवढंच सांगते, की गावाबाहेर मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि मध्येमध्ये बायकांचे घोळके देठ खुडत बसलेले असतात. तोंडाला फडकं, हाताला तेल. दुपारी एक ते दोन जेवण. त्या तासात दिवलीबाई अर्धा वेळ भाकरी खायच्या आणि अर्धा वेळ वाचायच्या. पान उलटायला कडुलिंबाची काडी वापरायच्या, म्हणजे डाग पडू नये ही काळजी त्यांना होतीच. पण त्या एकट्यापुरतं वाचत नसत, वाचून झालं की बायकांना भिलीत सगळं सांगत. सांगताना मुखपृष्ठावरचं रॉकेट दाखवायला पुस्तक हातोहात फिरायचं. तिथे काड्या कुठून आणणार?

पुस्तक परत करताना माझ्या टेबलापुढे उभं राहून त्या निकाल द्यायच्या. एखादी बाई भाजीवाल्याला सांगते तसा, समोरच आणि मोठ्याने.

"यानात दोनशे माणसं आहेत, ताई. सगळी शास्त्रज्ञ. तीनशे पानं झाली, भांडी कोणी घासली ते सांगितलं नाही."

एकदा काळात मागे जाणाऱ्या यंत्राची कादंबरी नेली होती. "मागे गेला की जो तो राजालाच भेटतो," त्या वैतागून म्हणाल्या. "त्या वेळी बाकी कोणी राहत नव्हतं का? मी गेले तर आईला भेटेन. सांगेन, घराचे वासे-वल्ल्या काढून नेता येतील, महूचं झाड नाही नेता येणार, तर त्याच्याखाली चार दिवस जास्त बस." एवढं बोलून त्यांनी दुसरं पुस्तक मागितलं. मला मात्र त्या दिवशी खुनाची गोष्ट वाचवेना.

यंत्रमाणसाच्या एका कादंबरीवर तर त्या चिडल्याच. त्यात घरकाम करणाऱ्या यंत्राला शेवटी मन असल्याचं उघड होतं आणि सगळं शहर रडतं. "यंत्राला मन आहे म्हणून केवढं आश्चर्य!" त्या म्हणाल्या. "आमचा मुकादम वाचेल का हो हे?"

पण वाचणं सोडलं नाही. चिडायच्या आणि पुढचं न्यायच्या. सहा हंगामांत पंचवीस पुस्तकं झाली. मला त्यांचा राग आवडायचा. आमचे बाकीचे वाचक पुस्तक परत करताना "छान आहे" म्हणतात, आणि ते न वाचताही म्हणता येतं.

आता भांडणाकडे येते.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष रतिलाल आप्पा. तापीकाठी बागायत शेती, गावात मान, बोलणं गोड. वाईट माणूस नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की उठत नाही. यंदा त्यांच्या डोक्यात अभ्यासिका बसली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी खिडकीजवळचा कोपरा मोकळा करायचा, म्हणजे विज्ञान कादंबऱ्यांची फळी काढायची. "हाई फळी कोनीच वाचस नई," असं म्हणत त्यांनी नमुना म्हणून एक जाडजूड पुस्तक ओढलं आणि मधोमध उघडलं. पुस्तक नुकतंच दिवलीबाईंकडून आलं होतं.

आप्पा अकरा वेळा शिंकले. मी मोजलं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांना शेवटचं कोरं पान दिसलं. ते कोरं नव्हतं. निळ्या शाईत वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं.

त्या कादंबरीत पृथ्वी पाण्याखाली जाते, माणसं बारा जहाजांत बसून नव्या ग्रहावर उतरतात, तिथे जमीन वाटून घेतात, पीक काढतात आणि आनंदी होतात. शेवटच्या पानावर दिवलीबाईंनी लिहिलं होतं, "पान १४३ च्या पुढे हे राहिलं आहे." आप्पांनी तेवढंच वाचलं. नियम नऊ, पुस्तकावर काहीही लिहू नये, पान फाडू नये. त्यांनी लगेच सचिव शांतीलाल यांना सांगून पत्र काढलं की दिवलीबाईंनी रविवारी चार वाजता समितीपुढे हजर राहून लेखी माफी मागावी, नाहीतर कार्ड रद्द होईल.

आमच्या वाचनालयात नियम नऊ कोणी पाळतं असं समजू नका. प्रेमकथांमध्ये बदाम आहेत. रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलंय, त्या माणसाला मी अजून शोधते आहे. यातल्या एकालाही कधी पत्र गेलं नाही. पण पत्र घेऊन पथारीवर जायचं काम माझ्याकडेच आलं.

दिवलीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. "समिती म्हणजे पंच?" त्यांनी विचारलं.

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

"एकटीने यायचं?"

मला पथारीच्या धुरळ्यात धड श्वास घेता येत नव्हता. मी म्हटलं, "आणा कोणाला आणायचं तर," आणि निघाले. ही माझी चूक. डोंगरातल्या गावात पंचापुढे कोणी एकटं जात नाही. ज्याच्यावर आळ आहे त्याची माणसं येतात, ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली-पाहिली ते येतात, आणि तिथे ज्याला माहीत आहे तो बोलतो. हे मला माहीत असायला हवं होतं. जन्म इथेच गेला, पण मी सपाटीवरची.

रविवारी चार वाजता दिवलीबाईंबरोबर एकतीस बायका आल्या.

सुट्टी असली तरी लुगड्यातली मिरची कुठे जाते? चपला बाहेर काढून त्या सरळ वाचनकक्षात आल्या आणि जमिनीवर गोल करून बसल्या. वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे पाच मिनिटांत शिंकत शिंकत बाहेर गेले. आप्पा खुर्चीत, शांतीलाल इतिवृत्ताची वही घेऊन बाजूला, आणि दोघांच्याही नाकाला रुमाल.

"इतल्या बाया कसाले लई उनी तू?" आप्पांनी विचारलं.

"पंच आहे ना, आप्पा," दिवलीबाई म्हणाल्या. त्या एकट्याच उभ्या होत्या. "यांनी पण ते पुस्तक ऐकलंय."

"ऐकं म्हंजे?"

तेवढ्यात गजराबाई नावाच्या म्हातारीने हात वर केला. त्या पथारीवर सगळ्यांत जुन्या, लिहिता-वाचता येत नाही. "मन्हं इचारनं शे," त्या म्हणाल्या. "त्या जहाजमा म्हातारीले का बरं नई लिनं? पोरगा म्हने जागा नई. मशीन ठेवाले जागा व्हती, मायले नई?"

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी शांतीलालकडे बघितलं. त्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या आम्हा तिघांपैकी कोणीही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. जमिनीवर बसलेल्या एकतीस जणींना ते पाठ होतं. दुसरी म्हणाली, जहाजाचा कप्तान चांगला, पण बायकोचं ऐकत नाही. तिसरी म्हणाली, बायकोच खोटी आहे. त्यावरून दोघींची जुंपली. कोनीच वाचस नई म्हणे! माझ्या रजिस्टरात त्या पुस्तकापुढे एकच नाव होतं, आणि माझं रजिस्टर किती खोटं बोलतं ते मला त्या दिवशी कळलं.

"हाई सगळं ऱ्हाऊ द्या," आप्पा शेवटी वैतागून म्हणाले. "पुस्तकवर लिखाले तुले कोनी सांगं? माफी लिखी दे आनि मोकळी व्हय."

"डाग पडले ते माझं चुकलं," दिवलीबाई म्हणाल्या. "त्याची माफी आत्ता लिहून देते. लिहिलं त्याची नाही देणार. काय लिहिलंय ते तरी वाचा आधी. न ऐकता पंच कसा दंड करेल?"

बायकांनी माना डोलावल्या. आप्पांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, त्यांच्याकडे चष्मा नव्हता किंवा नाही म्हणाले. मी उभी राहिले आणि वाचलं. ते पान मी तेव्हापासून इतक्यांदा वाचलंय की आता न बघता लिहू शकते:

"पान १४३ च्या पुढे हे राहिलं आहे. नवीन जागेवर उतरल्याबरोबर नांगर घालायचा नसतो. ही जागा कोणाची आहे ते आधी विचारायचं. आमच्याकडे गाव बसवताना गावदेवाला विचारतात. यांनी झेंडा लावला आणि मशीन चालू केलं. पहिलं पीक आलं ते तसंच उभ्या उभ्या खाल्लं आणि टाळ्या वाजवल्या. नवं धान्य आधी देवाला आणि आपल्या मेलेल्या माणसांना दाखवतात, मग खातात. वाटेत सातशे माणसं मेली असं पान ९० वर आहे. त्यांचं नाव पुढे कोणी घेतलं नाही. कोणाला खडकाळ जमीन मिळाली ते पण लिहिलेलं नाही, सगळ्यांना सारखी चांगली मिळाली असं होत नाही. तीन पानांत सगळे खुश झाले. आम्हाला येऊन पंचवीस वर्षांच्या वर झाली, माझा बाप मरेपर्यंत नदीकडे तोंड करून झोपायचा आणि नदी तिकडे नव्हती. ज्याने हे लिहिलं त्याचं गाव बुडालेलं नाही. जहाजाचं वर्णन चांगलं आहे. दिवलीबाई वसावे."

वाचताना माझा आवाज शेवटी नीट राहिला नाही. मिरचीमुळे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मिरचीमुळे नव्हतं.

आप्पांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. वाईट माणूस नाही म्हटलं ना. पण दिलेलं पत्र एकतीस बायकांसमोर मागे घ्यायचं म्हणजे त्यांना जड. मग त्यांनी त्यांच्या मते मधला मार्ग काढला. "आसं करू. माफी नको. हाई पान फाडी टाकू. पान गयं, गुन्हा गया. तुन्हं कार्ड ऱ्हाई."

मी मध्ये बोलले. पान फाडणं नियम नऊमध्येच येतं, आणि आप्पा रोज सकाळी वाचनालयाच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेनाने सोडवतात ते कोणत्या नियमात येतं, असंही विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. शांतीलालने ते इतिवृत्तात घेतलं नाही. आप्पांचे कान लाल झाले, पण ते मागे हटले नाहीत. "पान नईतर कार्ड," ते म्हणाले. "एक काहीतरी."

मला वाटलं, बाई पान देतील. सगळे देतात. एक कागद तो काय! आणि फळीवर अजून सतरा पुस्तकं राहिली होती, त्यांची नावं त्यांना क्रमाने माहीत होती. गेल्या आठवड्यातच पुढचं बाजूला काढून ठेवायला मला सांगून गेल्या होत्या. त्यांच्यासाठी ते कार्ड काय होतं ते त्या खोलीत मला आणि त्या एकतीस जणींना ठाऊक होतं. दुपारचा तो एक तास सोडला तर दिवसात त्यांचं स्वतःचं दुसरं काही नव्हतं.

"कार्ड गेलं तर पुस्तक इथेच राहील?" दिवलीबाईंनी विचारलं. "पानासकट?"

"ऱ्हाई," आप्पा म्हणाले.

"दुसऱ्याला नेता येईल?"

"ज्याले वाटी तो ली जाई."

दिवलीबाईंनी कमरेची पिशवी सोडली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "मग हे घ्या," त्या म्हणाल्या. "मी तर वाचलंय ते. ज्याने नाही वाचलं त्याला कळायला पाहिजे की पुढे काय राहिलंय."

आप्पांनी हे गृहीत धरलंच नव्हतं. ते कार्डाकडे बघत राहिले, हात लावला नाही. शांतीलालने वहीत लिहिलं, "सदर सभासदाने कार्ड स्वखुशीने जमा केले." मी म्हटलं, स्वखुशीने खोडा. त्याने खोडलं नाही. मग त्याच्या हातातली वही ओढून मीच खोडलं, आणि बाजूला माझी सही केली. करा काय करायचं ते.

बायका उठल्या. दाराशी दिवलीबाई थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "ताई, सतरा राहिली. तुम्हाला वाचता येतं ना?"

चौदा वर्षं ग्रंथपाल आहे मी. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि त्या बेचाळिसातलं एकही मी वाचलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी, फळी अजून कोपऱ्यात होती तोवर, पुढचं पुस्तक मी माझ्या कार्डावर काढलं. दुपारी एकला डबा घेऊन पथारीवर गेले, गजराबाईंच्या शेजारी बसले आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. धुरळ्याने डोळ्यांतून धारा लागल्या, ओळी दिसेनात. बायका हसत होत्या. एकीने मला फडकं बांधून दिलं, दिवलीबाई एकेक वाक्य भिलीत करून सांगत होत्या. पंधरा दिवस झाले, रोज जाते. मागच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं, की सभासद नसलेल्या व्यक्तींपर्यंत पुस्तकं नेण्याचा खुलासा करावा. मी त्याच पत्राच्या मागे लिहून दिलं, की जेवणाची सुट्टी एक ते दोन असते, पुस्तक माझ्या नावावर आहे आणि सभासदाने किती मोठ्याने वाचावं याबद्दल वाचनालयाचा नियम नाही.

काल शेवटच्या पानांपर्यंत आलो. एका ग्रहावरचं सगळं रान तोडून माणसं तिथे शहर वसवतात आणि लेखक लिहितो की ग्रह तेव्हा ओसाड होता. दिवलीबाईंनी सांगता सांगता हात वर केला.

"थांबा, ताई. खोटं आहे हे. चाळिसाव्या पानावर त्याने स्वतःच तिथे पायवाट लिहिली आहे. पायवाट कोणाची होती मग?" त्यांनी तेलकट हात लुगड्याला पुसले. "पेन आहे का तुमच्याकडे?"

पुस्तक माझ्या नावावर होतं. मी पेन काढून दिलं.